लय दुखलं तरच

कुसुमसिस्टर,

तुम्ही मला जे शेवटचं विचारलंत, त्याचं उत्तर मी खोटं दिलं.

तुम्ही विचारलंत, "बोरकरभाऊ, शेवंताले तुम्हीच सांगितलं होतं का?" मी म्हणालो, "नाही." क्षणभर थांबलोही नाही. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "मग ठीक." पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

हो सिस्टर, मीच सांगितलं होतं.

ही एक ओळ लिहायला मला तीन आठवडे लागले. तुमच्या रश्मीचा फोन आला नसता तर ती मी लिहिली असती की नाही, सांगता येत नाही. रश्मी म्हणाली, "काका, आईची आठवण म्हणून छोटी पुस्तिका काढून राहिलो आहोत. शाळेतल्या बाया बोलतील, मी लिहून घेईन. तुमचं लिखाण तर पाहिजेच. आणि ती गोळ्या न देणाऱ्या बाईची गोष्ट घ्यायचीच आहे. आई प्रत्येक गावात सांगायची नं ती?"

मी "हो, हो" म्हणालो आणि फोन ठेवला. ती गोष्ट आजवर फक्त तोंडी होती. आता ती छापली जाणार, तुमच्या नावाखाली, तुमच्या फोटोसोबत. मग ती कोणालाच पुसता येणार नाही.

पुस्तिका वाचणाऱ्या सगळ्यांनी आपली दुखण्याची शाळा पाहिलेली नसेल, म्हणून थोडं सांगतो. तुम्हाला ते कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या. मूळ गोष्टीकडे यायला मला अजूनही भीती वाटते आहे.

आपण दोघं निवृत्त झालो, तुम्ही नर्स म्हणून, मी सरकारी दवाखान्यातला औषध देणारा म्हणून, आणि वर्षभरातच तुम्ही मला पकडलंत. म्हणालात, "घरी बसून काय करून राहिले जी? दर गुरुवारी माझ्यासोबत चला. औषधाची पेटी तुमच्याकडे, बोलणं माझ्याकडे." नागपूरजवळच्या मौद्याच्या पुढच्या चार-पाच गावांत आपण ही शाळा भरवत असू. एका गुरुवारी विहारात बसायचं, दुसऱ्या गुरुवारी मारुतीच्या मंडपात. सरपंचानं विचारलं, असं काहून? तुम्ही म्हणालात, "कोणाचं दुखणं बाहेर उभं राहाले नको म्हणून."

पहिल्या दिवशी मी दहा आकड्यांचा तक्ता घेऊन आलो होतो. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मी एका म्हातारीला विचारलं, "बाई, किती आकडा?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणान तो." तुम्ही तक्ता माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि त्यावर बसलात. मग बायांना विचारलंत, "दुखणं किती ते राहू द्या. काय काय सुटलं ते सांगा."

आणि सगळ्या बोलायला लागल्या. धानाची रोवणी सुटली. मांडी घालून बसणं सुटलं. नातवाला कडेवर घेणं सुटलं. कोपऱ्यातली एक सून म्हणाली, "माह्या सासूचं तं माह्याशी भांडणंच सुटलं, एवढी कंबर दुखते तिची." सासू शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "थांब वं, बरी झाली की पाहून घेतो तुले." सगळा मंडप हसला. तुम्ही वहीत लिहिलंत: सुनेशी भांडण, पुन्हा सुरू करायचं.

बाजाराच्या दिवशी सुई मारणारा येई. त्याच्याकडच्या तीन रंगांच्या गोळ्यांच्या पुडीनं दुखणं दोन दिवसांत पळे आणि चेहरा फुगे. लोक म्हणत, तब्येत सुधारली. गुडघ्यावर बिब्बा लावून कातडी जाळून घेतलेल्या बाया तर प्रत्येक गावात होत्या. तुम्ही कोणावर ओरडला नाहीत. राखणीच्या कुत्र्याची गोष्ट सांगायच्या. चोर आला की कुत्रा भुंकतो, ते चांगलंच. पण काही कुत्र्यांना सवय लागते, पान हललं तरी भुंकतात. जुनी कंबर, जुने गुडघे म्हणजे असा कुत्रा. त्याला मारू नका, घाबरू नका, हळूहळू हिंडवा म्हणजे तो शांत होतो. आणि मग आवाज बदलून सांगायच्या, "पण कॅन्सरचं दुखणं म्हणजे खरा चोर आहे. तिथं कुत्र्याले समजावू नका. तिथं औषध पाहिजे आणि ते वेळेवर पाहिजे."

इथंच आपलं भांडण होई. येताना गाडीत, दर गुरुवारी.

मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही की मॉर्फिनचं नाव काढलं की माझा हात खिशातल्या किल्ल्यांकडे का जातो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या ताब्यातल्या कपाटात त्याची एक कुपी कमी भरली. दोन कुलपांचं कपाट, दोन किल्ल्या, प्रत्येक कुपीची वहीत नोंद. एक कमी. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "विकली का घेतली?" चौकशी सात महिने चालली. माझ्या बायकोला पाणी भरताना बाया विचारत, तुझा नवरा नशा करतो का वं? शेवटी कपाट हलवलं तेव्हा मागे काचेचे तुकडे सापडले. कुपी पडून फुटली होती. कोणी माफी मागितली नाही. मी त्या दिवशी एक गोष्ट शिकलो: हे औषध जितकं कमी बाहेर जाईल तितका मी सुरक्षित. पुढची तीस वर्षं मी तसाच वागलो, आणि सगळे मला काटेकोर माणूस म्हणत.

तुम्ही गाडीत म्हणायच्या, "भाऊ, खिशातल्या किल्ल्या वाजवणं बंद करा. नोकरी संपली तुमची." मी म्हणायचो, "आपल्या लोकांना सहन करायची सवय आहे. त्यांना या गोळीची सवय लावू नका." तुम्ही म्हणायच्या, "नशेसाठी घेणारा वेगळा आणि दुखण्यासाठी घेणारा वेगळा. नागपूरच्या डॉक्टरनं दहादा समजावलं तुम्हाले." मी गप्प बसायचो. तुम्हाला वाटायचं, पटलं. मला पटलेलं नव्हतं. मी फक्त वाद घालणं थांबवलं होतं.

आता नामदेवबद्दल.

नामदेव खर्रा खायचा, सुपारी-तंबाखू घोटून केलेला. वीस वर्षं खात होता. गालातल्या गाठीचं निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता आजार बरा होणार नाही, पण दुखणं कमी करता येईल. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. दर चार तासांनी एक, पाण्यात विरघळवून, चमच्यानं, कारण त्याला तोंड उघडता येत नव्हतं. बोलताही येत नव्हतं. त्याची बायको शेवंता. तिला घड्याळ कळत नव्हतं, म्हणून तुम्ही तासभर बसून तिला वेळा शिकवल्यात. नळ येतो तेव्हा पहिली. शाळेची प्रार्थना होते तेव्हा दुसरी. दुपारची एसटी वळते तेव्हा तिसरी. दिवेलागणीला चौथी. निजताना दोन, म्हणजे तो पहाटेपर्यंत झोपेल. "दुखण्याची वाट पाहाची नाही, शेवंता. ते यायच्या आधी गोळी." तिनं तुम्हाला सगळं तीनदा म्हणून दाखवलं. एकही चूक नाही.

तुम्ही शेजारच्या घरी पाणी प्यायला गेलात. मी चपला घालत होतो. शेवंता दारात आली आणि हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर, यानं काही होणार तं नाही नं त्यायले?" ती मला डॉक्टर म्हणायची. सगळेच म्हणायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही.

मी म्हणालो, "जपून द्या. लय दुखलं तरच द्या. सवय लागली तर मग काही उपाय नाही."

अर्धं मिनिटही लागलं नाही. तुम्ही पदराला हात पुसत परत आलात आणि आपण निघालो.

पुढच्या गुरुवारी तुम्ही रश्मीच्या बाळंतपणात होत्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी रस्ता बंद होता. त्या पहिल्या गुरुवारी मी एकटा जाऊ शकलो असतो. गेलो नाही. तिसऱ्या गुरुवारी आपण पोचलो तेव्हा नामदेवला जाऊन दोन दिवस झाले होते. घरात माणसं बसलेली. शेवंतानं आतून गोळ्यांचा डबा आणून तुमच्यासमोर ठेवला. नियम होता तसा, उरलेलं औषध परत. तुम्ही झाकण उघडलं. डबा जवळजवळ भरलेला होता.

"काहून वं शेवंता?" तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "काहून नाही दिल्या?"

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं.

मी पेटीतली नोंदवही काढली आणि तीत काहीतरी शोधायला लागलो. वहीत शोधण्यासारखं काही नव्हतं. मी पानं उलटत राहिलो. मान वर केली नाही. शेवंता म्हणाली, "मले वाटलं..." आणि थांबली. दारात नामदेवचा मोठा भाऊ पुंडलिक उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे गोळ्या घरातच होत्या? आन् हिनं दाबून ठेवल्या?"

तेव्हाही मी बोलू शकलो असतो.

त्यानंतर गावात काय झालं ते तुम्हाला थोडं माहीत होतं, सगळं नाही. पुंडलिकच्या मुलीच्या लग्नात शेवंताला मांडवात बसवलं, घरात नेलं नाही. लोक म्हणायला लागले, नवऱ्याचा त्रास चुकवायचा होता तिला, म्हणून तडफडू दिलं. ती शाळेत यायची बंद झाली. तुम्ही दोनदा बोलावणं पाठवलंत. ती आली नाही. तुम्ही म्हणालात, "लाजते बिचारी."

आणि मग तुम्ही ती गोष्ट सांगायला लागलात. नाव न घेता, दुसऱ्या गावांत. "एक बाई होती. गोळ्या घरात होत्या. पण भेवापोटी दिल्या नाही. माणूस तडफडत गेला." बाया पदर डोळ्याला लावत. गावं जवळजवळची, नातीगोती एकमेकांत, ती बाई कोण हे सगळ्यांना ठाऊक असे. मी तुमच्या शेजारी पेटी मांडीवर घेऊन बसलेला असे. सहा वर्षं ऐकली मी ती गोष्ट. प्रत्येक वेळी तुम्ही "भेवापोटी" म्हणालात की वाटे, आता या माझ्याकडे बोट दाखवतील.

त्या गोष्टीचा उपयोग झाला, हे खोटं नाही. ती ऐकून कितीतरी घरांत गोळ्या वेळेवर दिल्या गेल्या. माणसं शांत झोपली, शेवटचे दोन शब्द बोलून गेली. मी स्वतःला सांगत आलो की म्हणूनच मी गप्प आहे. गोष्ट मोडली तर बायांचा विश्वास मोडेल. हे कारण इतकं सोयीचं होतं की मला त्याचा संशय यायला हवा होता.

तुमच्या पाठीतलं दुखणं निघालं आणि ते कॅन्सरचं आहे हे कळलं, तेव्हा तुम्ही रडला नाहीत. कपाटावर एक कागद चिकटवलात. मॉर्फिनच्या सगळ्या वेळा, आणि खाली मोठ्या अक्षरात: झोपली असली तरी उठवा.

शेवटच्या आठवड्यात एके दिवशी तुम्हाला सांभाळणारी बाई रजेवर होती. रश्मीनं मला बोलावलं, दुपारचं बसायला. मी वाडीतल्या माझ्या घरून दोन ऑटो बदलून आलो. रश्मी म्हणाली, "काका, दोनची गोळी तेवढी." आणि कामावर गेली.

दोन वाजले. तुम्ही झोपला होतात. सकाळ वाईट गेली होती म्हणे. आता चेहरा सैल पडला होता, श्वास एकसारखा चालू होता. मी गोळी तळहातावर घेतली. समोर तुमच्या अक्षरातला कागद. आणि मी विचार केला, एवढ्या शांत झोपल्या आहेत, कशाला उठवायचं? थोडी कमी गेली तर बरंच.

सिस्टर, तुमच्यासोबत किती वर्षं हिंडलो मी. दर गुरुवारी तेच ऐकलं. आणि माझ्या डोक्यात अजूनही ते दोन कुलपांचं कपाटच उभं होतं. अडीच वाजले. पावणेतीन. गोळी माझ्या घामानं ओली झाली. मी ती बशीत ठेवली.

तुम्ही जाग्या झालात ते आवाजानं. तो आवाज तुमचाच होता, पण तुम्हीही दचकलात. मी गोळी द्यायला गेलो तर पाणी तुमच्या गळ्यावर सांडलं. गोळी पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही, वेळ लागतो, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक. तेवढा वेळ तुम्ही खाटेची कड धरून होत्या आणि मी तुमच्यासमोर उभा होतो. बसायचं धैर्य नव्हतं.

"वेळेवर काहून नाही दिली?"

"झोपल्या होत्या तुम्ही."

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. तुमच्या डोळ्यांत राग नव्हता. काहीतरी जुळत होतं. आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात.

तुमच्या "मग ठीक"वर तुमचा विश्वास होता की नव्हता? मला कळत नाही. तुम्हाला खरं कळलं असेल आणि तुम्ही मला सोडून दिलं असेल, याची मला भीती वाटते. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून गेला असाल, याची त्याहून जास्त वाटते. रश्मी, तूही हे वाचशील. तुझ्या आईचा तो एक तास माझ्यामुळे तडफडण्यात गेला. तू मला घरी येऊ नका म्हणालीस तरी मी काही म्हणणार नाही.

गेल्या सोमवारी मी शेवंताकडे गेलो. मौद्याला उतरलो आणि परतीच्या गाडीत चढून बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, आत्ताच तं उतरले तुम्ही." मग खाली आलो.

शेवंता एका मोठ्या अंगणात मिरचीचे देठ खुडत होती, नाकावर फडकं बांधून. दहा-बारा बाया, मध्ये लाल ढीग. मला ठसका लागला.

"डॉक्टर? तुम्ही कायले आले अठी? बाजूले बसा, डोये जळतीन."

मी बसलो नाही. मी तिथंच सांगितलं. दारात मी काय बोललो होतो, डबा उघडला तेव्हा मी काय केलं, सगळं. ती खुडत राहिली. माझं संपलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "सिस्टरले सांगतलं होतं तुम्ही?"

"नाही. त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

तिचे हात थांबले. "म्हणजे त्या मलेच दोषी समजून गेल्या."

ती चूक आता जगात कोणी दुरुस्त करू शकत नाही.

तिनं पुढची मिरची उचलली आणि बोलली. माझ्याकडे न पाहता. "तुम्ही म्हटलं होतं, लय दुखलं तरच. लय म्हणजे किती जी? मले समजेच ना. तो तं बोलू शके ना. मी त्याले विचारू, लय हाये का आता? तो मान हलवे. मले वाटे, आजून थोडं व्हाचं असन. मी दार लावून घेत होती, लोकायले आवाज जाऊ नये म्हणून. तुम्ही डबा उघडला तवा मी तुमच्याकडं पाहून राहिली होती. म्हटलं, आता सांगते हा माणूस, मंग सांगते. तुम्ही वही पाहून राहिले होते. मंग मले वाटलं, मीच चुकीचं समजली असन."

मी म्हणालो, "मी सगळं लिहून देतो. सिस्टरच्या पुस्तकात छापून येईल."

"मले वाचता येत नाही. आमच्या पुंडलिक भाऊजीले बी येत नाही. गुरुवारी या. तोंडानं सांगा. सगळ्यायच्या समोर."

तुमच्या मागे शाळा आता मीरा चालवते, तुम्ही शिकवलेली. तिला मी फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, गावात दोन घरी सध्या गोळ्या चालू आहेत. तुम्ही हे सांगान तर बाया म्हणतीन, औषधवालेच उलटसुलट सांगतात. कोणी देणं बंद केलं तर?" खोटं कशाला बोलू, तिचं ऐकून मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, झालं, शाळेसाठी गप्प राहिलेलं बरं. मग मला कळलं की मी पुन्हा वहीची पानं उलटतो आहे.

काल गुरुवार होता. मारुतीच्या मंडपात. शेवंता सहा वर्षांनी आली होती, पुढच्याच रांगेत बसली. पुंडलिकला तिनं निरोप पाठवून बोलावलं होतं. तो खांबाला टेकून उभा. मी बोललो. नेहमी तुमच्या शेजारी बसायचो तसा बसूनच बोललो. नामदेवचं नाव घेतलं, शेवंताचं घेतलं, माझं घेतलं. तुमचीही गोष्ट अर्धी होती, हेही सांगितलं. माफ करा.

पुंडलिक म्हणाला, "आता सांगून काय फायदा जी? माणूस तं गेला." आणि जायला वळला.

"फायदा मले हाये, भाऊजी," शेवंता म्हणाली. "बसा खाली."

तो बसला.

मग ज्याची भीती होती तेच झालं. कडेला बसलेली एक तरुण सून उभी राहिली. तिच्या घरी सासऱ्याला गोळ्या चालू आहेत. ती म्हणाली, "सिस्टर एक सांगत होत्या, हे दुसरं सांगतात. मंग आमी कोणाचं आयकाव? मी तं आजपासून देतच नाही बाप्पा." दोन-तीन बायांनी माना हलवल्या. मीरानं माझ्याकडे पाहिलं. वाटलं, तुमचं सगळं काम मी इथं, या मंडपात, माझं मन हलकं करायला संपवलं.

शेवंता उठली. त्या सुनेकडे वळून म्हणाली, "बस वं. माह्यं आयक. गोळी डब्यात होती. माहा माणूस माह्या समोर होता. मंधात फक्त या माणसाचं बोलणं होतं. सिस्टरनं सांगतलं होतं ते बरोबर होतं, मी ते पाठ म्हणून दाखवलं होतं. तू तुह्या सासऱ्याले दे. वेळेवर दे. माह्यासारखं लय म्हणजे किती ते मोजत बसू नको."

मग ती माझ्याकडे वळली. "सांगा आता. कशी द्याची?"

मी म्हणालो, "गोळी वेळ झाली की द्यायची. दुखणं येण्याची वाट पाहायची नाही. माणूस झोपला असला तरी उठवून द्यायची. डॉक्टरनं सांगितलेलं जर कोणी दारात उभं राहून बदललं, तर त्याचं ऐकायचं नाही. तो मी असलो तरी नाही."

हे मी मान खाली घालून, पुढच्या रांगेपुरतंच बोललो. शेवंता माझ्यासमोर उभी होती. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, किंवा सोडून देईल.

ती म्हणाली, "उभे राहून सांगा. मागच्या बायायले आयकू नाही आलं."